पडद्यावरचं ट्रंपेट

फिलेमोनला खोटं बोलायची सवय नव्हती. आयुष्यात एकदा तो मोठं खोटं बोलला, ते एका सहा वर्षांच्या मुलीपाशी. दोन वर्षांनी ते गेरेरो भागातल्या चित्रपटगृहाच्या भिंतीवर हातभर रंगीत अक्षरांत येऊन चिकटलं. 'सात वाव खोल.' खाली निळंशार पाणी, पितळी टोप घातलेले पाणबुडे, बुडालेल्या जहाजाला विळखा घालून बसलेला ऑक्टोपस. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की, साऱ्या जगाला नाचवणारं 'खारा मोती' हे मांबो नाचाचं गाणं याच चित्रपटात आहे.

ट्रंपेटची पेटी हातात घेऊन फिलेमोन त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. हा चित्रपट मेक्सिकोत येईल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

तो माएस्त्रो उरुतियांच्या वाद्यवृंदात दुसरा ट्रंपेटवादक होता. पहिला होता हेलिओदोरो, सगळ्यांचा दोरो. दोरोला मुलगी झाली तेव्हा चर्चमध्ये तिच्या डोक्यावर पाणी घालताना तिला फिलेमोननेच हातांवर धरलं होतं. त्या दिवसापासून तो ओतिलियाचा पाद्रिनो झाला, म्हणजे धर्माचा बाप. आणि तो आणि दोरो एकमेकांचे कोंपाद्रे झाले. सख्खे भाऊ भांडून वेगळे होतात, पण कोंपाद्रेचं नातं तोडायला कुणी धजत नाही.

'खारा मोती' त्यांनी एका मार्च महिन्यात ध्वनिमुद्रित केला. गाण्याच्या मधोमध सगळी वाद्यं थांबतात, ढोलसुद्धा थांबतात, आणि एकटं ट्रंपेट एक सूर धरून ठेवतं. धरतं, धरतं, आणि मग तो सूर हळूहळू खाली घसरतो. नाचणारे तेवढा वेळ एक पाय उचलून थबकतात आणि सुराबरोबर खाली येतात. पुढे लोक याच जागेसाठी ते गाणं पुन्हा पुन्हा लावू लागले. पण तो सूर कसा घसरला, हे फक्त फिलेमोनला ठाऊक होतं. दोरोची छाती त्या हिवाळ्यापासून खराब होती. तो रुमालात खोकायचा आणि रुमाल घडी करून खिशात टाकायचा. माएस्त्रोंनी त्या दिवशी ते गाणं दहा वेळा वाजवून घेतलं. अकराव्या वेळी सूर संपायच्या आधी दोरोचा श्वास संपला. दुसरा कुणी असता तर त्याने मध्येच चोरून श्वास घेतला असता. दोरोने जन्मात कधी तसं केलं नव्हतं. त्याने सूर सोडला नाही, आणि सूरच बसत बसत खाली गेला. आता शिव्या पडणार म्हणून फिलेमोनने मान खाली घातली. पण माएस्त्रो पियानोवरून उठले आणि म्हणाले की, तीन वर्षं मी हेच शोधत होतो.

दोरोने ओठ पुसले आणि कोंपाद्रेच्या कानाशी पुटपुटला, "मेलो. आता हे रोज करावं लागणार."

रोज करायची वेळ आली नाही. ऑगस्टच्या शेवटी त्याला दोलोरेसच्या दफनभूमीत पोचवलं. तोवर ती तबकडी दुकानांत धूळ खात पडली होती. मग उत्तरेकडून चित्रपटवाले आले. त्यांच्या कथेत पाणबुड्याला समुद्राच्या तळाशी सोन्याचं एक नाणं सापडतं, ते खिशात घालून तो बंदरातल्या गुत्त्यात नटीबरोबर नाचतो आणि चोरांच्या नजरेत येतो. त्या नाचासाठी त्यांना गाणं हवं होतं. त्यांनी तबकडीचा आवाज जसाच्या तसा घेतला आणि वाद्यवृंदाला ऑक्टोबरात आकापुल्कोला बोलावलं. काम सोपं होतं. भोंग्यातून तबकडी वाजणार, आणि वादकांनी नुसतं वाजवल्यासारखं करायचं.

दिग्दर्शकाने दुभाष्याकडून निरोप दिला की, तो लांब सूर ज्याने वाजवलाय त्याने पुढे येऊन उभं राहावं. माएस्त्रोंनी क्षणभर फिलेमोनकडे पाहिलं. समोर दिवे तापले होते, दोनशे माणसं घाम पुसत उभी होती. मेलेल्या माणसाची गोष्ट कोण कुणाला सांगत बसणार? फिलेमोन पुढे जाऊन उभा राहिला.

परत आल्यावर तो दोरोच्या घरी गेला. दोरोची बायको ब्रिखिदा दारात बसून नाचणाऱ्या बायकांच्या घागऱ्यांना झालरी लावत होती. ओतिलियाने विचारलं, त्या सिनेमात पपा दिसतात का? ब्रिखिदाने मान वर केली नाही. फिलेमोन म्हणाला, "दिसतात की. मोठ्ठे दिसतात."

त्याला वाटलं होतं, हा चित्रपट इकडे कशाला येतोय. आला तरी ती जागा कापलेली असेल. आणि पोरच ती, चार दिवसांत विसरेल. तिन्ही अंदाज चुकले. चित्रपट उत्तरेत एवढा चालला की ती पडून राहिलेली तबकडी तिकडे लाखांनी खपली, आणि मग त्यांचंच गाणं परदेश फिरून त्यांच्याकडे परत आलं. प्रत्येक खानावळीतल्या गाण्याच्या पेटीत ते वाजू लागलं. ब्रिखिदा ते ऐकू आलं की खिडकी लावून घ्यायची. नवऱ्याचं नाव तिने घरात त्या ऑगस्टनंतर घेतलं नव्हतं. आणि ओतिलिया काही विसरली नव्हती. आता ती आठ वर्षांची होती, आणि शाळेतल्या सगळ्या मुलींना, चाळीतल्या सगळ्या बायकांना तिने सांगून ठेवलं होतं.

जाहिरात लागली त्याच आठवड्यात ब्रिखिदाने फिलेमोनला गाठलं. ती म्हणाली, "कोंपाद्रे, मी काही तिच्याबरोबर जायची नाही. तुम्ही बोललात, तुम्हीच निस्तरा."

"मी तिला आधीच सांगून टाकतो, कोमाद्रे. आत जायच्या आधी."

"सांगा. दोन वर्षं तुमच्या जिभेला काय झालं होतं ते मला ठाऊक नाही." झालरीचा दोरा तिने दातांनी तोडला. "सहापर्यंत आणून सोडा."

रविवारी दुपारी तो तिला आधी चिन्याच्या कॅफेत घेऊन गेला. दूध-कॉफी आणि लोणी लावलेला पाव मागवला. ओतिलियाने चर्चला जायचा फ्रॉक घातला होता आणि वेणीला पांढरी फीत बांधली होती. पाव संपला की सांगायचं, असं फिलेमोनने ठरवलं. पण तिने पाव अर्ध्यावर ठेवला आणि कपाकडे बघत म्हणाली, "पाद्रिनो, मला पपांचं तोंड आठवत नाही."

फिलेमोनने हातातला कप खाली ठेवला.

"हात आठवतात. अंगठ्याला पिवळा डाग होता ना? खोकला आठवतो. तोंड नाही आठवत. मी आईला नाही सांगितलं."

घरात दोरोचा फोटो नव्हता. होता तो एकच, वादकांच्या संघाच्या ओळखपत्रावरचा. तो ब्रिखिदाने काचेखाली घालून थडग्याच्या क्रुसाला लावला होता. पहिल्याच पावसाळ्यात काचेत पाणी शिरलं आणि कागदावर करडा डाग तेवढा उरला. वाद्यवृंदाचे फोटो होते, पण ट्रंपेटवाल्यांचा फोटो नेहमी ट्रंपेट तोंडाला लावूनच काढतात. दोरोच्या जागी दिसायचं ते वाद्याचं पितळी तोंड.

"आज बघितलं की मग मी लक्षात ठेवीन," ओतिलिया म्हणाली आणि तिने पाव संपवला.

फिलेमोनने तिच्यासाठी गुळाच्या पाकातल्या मुएगानोंची पुडी घेतली, दोन तिकिटं काढली आणि तो तिच्या मागून आत गेला.

त्या चित्रपटगृहात रविवारी तिकीट एकदाच काढायचं, मग दोन वाजल्यापासून हवे तितके खेळ बघत बसावं, कुणी उठवत नसे. लोक मुलंबाळं, डबे, शाली घेऊन यायचे. चित्रपट परक्या भाषेत आणि खाली स्पॅनिश अक्षरं, त्यामुळे ज्यांना वाचता येई ते शेजारच्यांसाठी मोठ्याने वाचत. ओतिलियाच्या मागे एक म्हातारी बसली होती. तिने पुढे वाकून विचारलं, "बाळ, शाळेत जातेस का?" आणि ओतिलिया धडा वाचावा तशी खणखणीत आवाजात वाचू लागली. जहाज कुठे बुडालं, दोराला किती गाठी आहेत, हवा किती मिनिटं पुरेल, सगळं. पुडी तशीच मांडीवर पडली होती.

मग गुत्ता आला. तिथे कुणी बोलत नव्हतं, म्हणून ओतिलियाला वाचायचं काम नव्हतं. ती सरसावून बसली. 'खारा मोती' सुरू झाला तसे लोक टाळ्या वाजवू लागले. दोघेजण उठून मधल्या वाटेत नाचू लागले. सगळी वाद्यं थांबली. पडदाभर एक ट्रंपेट आलं आणि त्याच्या मागे फिलेमोनचं तोंड. नाकपुड्या दारांएवढ्या, गाल फुगलेले, कपाळावर घाम.

"हळू रे बेडका, फुटशील!" वरच्या सज्ज्यातून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

ओतिलिया हसली नाही. तिने पडद्याकडे पाहिलं, मग शेजारी पाहिलं.

"हे तुम्ही आहात."

"हं."

"पपा कुठे?"

इथे सांगता आलं असतं. फिलेमोनने तोंड उघडलंही. पण जे बाहेर पडलं ते असं होतं, "मागे. माझ्या मागे बसलेत. तिथे अंधार आहे ना, म्हणून."

तोवर चोरांनी नाणं पाहिलं होतं आणि गुत्ता संपला होता. ओतिलिया पुन्हा वाचू लागली, पण आवाज उतरला होता. म्हातारीने तिच्या खांद्याला बोट लावलं. "मोठ्याने गं. तो ऑक्टोपस काय म्हणतोय?"

"ऑक्टोपस बोलत नाही, आजी."

चित्रपट संपला, दिवे लागले. फिलेमोन टोपी घेऊन उठला. ओतिलिया उठली नाही.

"बसा, पाद्रिनो. मला ठाऊकच नव्हतं कुठे बघायचं. आता मी मागच्या रांगेकडेच बघते."

त्याने आईची, घड्याळाची, सहा वाजण्याची सबब सांगून पाहिली. ती म्हणाली की गुत्ता तर मध्येच येतो, आपण वेळेत पोचू. हिशोब बरोबर होता. तो बसला. पाणबुडे पुन्हा समुद्रात उतरले, दोराच्या गाठी पुन्हा मोजल्या गेल्या, आणि ओतिलियाने तेच सगळं त्याच खणखणीत आवाजात म्हातारीला पुन्हा वाचून दाखवलं, कारण म्हातारीही उठली नव्हती. अंधारात बसून फिलेमोनला वाटत होतं, फिल्म तुटावी, दिवे जावेत, काहीतरी व्हावं.

काही झालं नाही. गुत्ता आला. ओतिलिया खुर्चीच्या कडेवर गुडघे टेकून उभी राहिली. मागच्या रांगेत अंधारात चार माणसं होती. एक झांजवाला. एक बास वाजवणारा, त्याला ती ओळखत होती. उरलेले दोघे आकापुल्कोच्या हॉटेलातले वेटर, जागा भरायला बसवलेले, त्यांनी वाद्यं उलटी धरली होती. ओतिलियाने एकेकाला नीट पाहिलं. मग पडद्यावर पुन्हा ट्रंपेट आलं आणि मागची रांग झाकली गेली. ती तशीच उभी राहिली. सूर सुरू झाला, लांबला, आणि ती एकदम फिलेमोनकडे वळली.

"तुम्ही श्वास घेतलात."

"काय?"

"खांदे वर गेले तुमचे. तोंड सुटलं ट्रंपेटवरून. तरी वाजतंय."

फिलेमोनने पाहिलं. खरंच होतं. पंधरा वर्षं प्रत्येक लांब सुराच्या मध्ये तो जसा चोरून श्वास घेत आला, तसाच त्याने भोंग्यातल्या तबकडीसमोरही सवयीने श्वास घेतला होता. दिग्दर्शकाला ते कळलं नाही, चकचकीत ट्रंपेट पाहण्यातच तो खूश होता. फिलेमोनला स्वतःलाही कळलं नव्हतं. पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडून हवा ओढून घेतली, आणि सूर तसाच चालू राहिला, कुठे तुटला नाही, मग बसत बसत खाली गेला.

"वाजतंय ते तुझे पपा," फिलेमोन म्हणाला. "तोंड तेवढं माझं आहे. पपा तिथे नाहीत, ओतिलिया. आम्ही तिकडे गेलो त्याच्या आधीच ते गेले होते."

"मग मागे कोण आहे?"

"कुणी नाही. वेटर आहेत."

ती खाली बसली. फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतला. "म्हणजे तुम्ही दोनदा खोटं बोललात."

"दोनदा."

मागून म्हातारीने विचारलं की, बाळ, थांबलीस का? पडद्यावर चोर बोलू लागले होते. ओतिलिया पुन्हा वाचू लागली. खजिना परत समुद्रात बुडेपर्यंत ती वाचत राहिली. एकही शब्द चुकली नाही, आणि फिलेमोनकडे एकदाही पाहिलं नाही.

घरी जाताना ती दोन पावलं पुढे चालत होती. मोठा रस्ता ओलांडताना त्याने हात पुढे केला. तिने आपले दोन्ही हात मुएगानोंच्या पुडीला धरून ठेवले.

चाळीच्या अंगणात धुण्याच्या दगडांपाशी बायका जमल्या होत्या. रविवारी कुणी कपडे धूत नाही. त्या ओतिलियासाठीच बसल्या होत्या. दोरो कधी गेला आणि चित्रपट कधी निघाला हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या दोन्या कुकाने तर दोरोला शेवटची अंघोळ स्वतःच्या हातांनी घातली होती. फिलेमोन जिन्यापाशी थांबला. आता ही मुलगी काय सांगेल, आणि त्यानंतर आपण या अंगणात पुन्हा पाय कसा ठेवायचा, असा विचार त्याच्या मनात आला.

"काय गं, पाहिलंस का पपांना?" दोन्या कुकाने विचारलं.

"पाहिलं," ओतिलिया म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. पपा सगळ्यांत पुढे उभे होते. त्यांचे केस मागे वळवलेले, चमकणारे. मिशी जाड. हसले की सोन्याचा दात दिसतो. डोळे हिरवट आहेत. ती थांबत थांबत, पण न अडखळता सांगत होती, जणू समोर पाहून. फिलेमोन ऐकत राहिला, आणि हळूहळू त्याला कळलं की हे केस पाणबुड्याचे आहेत, मिशी गुत्तेवाल्याची आहे, सोन्याचा दात नाणं चोरणाऱ्याचा. पडद्यावरच्या माणसांतून एकेक तुकडा उचलून तिने बाप जुळवला होता. आणि एकदा सांगून झाला की तो तसाच राहणार होता.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दोन्या कुकाने शालीच्या पदराने हात पुसले, जरी ते ओले नव्हते. "हो गं बाई," ती म्हणाली. "अगदी तसेच होते."

एकेक करून बायका आपापल्या खोल्यांत गेल्या. ओतिलिया जिन्याकडे आली, तेव्हा फिलेमोन दुसऱ्या पायरीवर बसला होता.

"त्यांना सोन्याचा दात नव्हता," तो हळूच म्हणाला.

"मग काय होतं?" ती अंगावर आल्यासारखी म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं. "तुम्ही सांगा ना मग. तुम्ही तर रोज त्यांच्याजवळ बसायचात."

तो सांगू लागला. कान मोठा, वरची कड जरा दुमडलेली. कानाखाली मानेवर जुना व्रण, लहानपणी तव्याचा चटका बसलेला. मिशी नाही, ट्रंपेटला अडते म्हणायचे. गाल खोल गेलेला. लांब सूर धरला की जबड्याजवळची एक शीर उठायची आणि सूर संपेपर्यंत खाली बसायची नाही. भुवई पांढरी होत चालली होती, शेपटाकडून. ओतिलिया ऐकता ऐकता त्याच्या शेजारी पायरीवर बसली. ती ओठांतल्या ओठांत एकेक गोष्ट पुन्हा म्हणत होती. कान. व्रण. शीर.

"आणि या बाजूला?" तिने आपल्या डाव्या गालाला हात लावला. "इकडे कसे होते?"

फिलेमोन बोलायला गेला आणि थांबला. दुसरा ट्रंपेटवाला पहिल्याच्या उजव्या हाताला बसतो. समोर स्वरलिपीचे कागद असतात, पलीकडे नाचणारे असतात. पंधरा वर्षं तो त्याच खुर्चीवर बसला होता. जेवतानाही दोघे तसेच बसायचे, सवयीने, एकाच बाकावर. दोरो समोर उभा राहून आपल्याशी बोलतोय असं चित्र त्याने मनात आणून पाहिलं. तोंडाच्या जागी काही उमटेना.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "मी पाहिलं नाही नीट."

या वेळी तो खरं बोलतोय हे तिला कळलं असावं.  ती उठली, पुडी त्याच्या शेजारी पायरीवर ठेवली आणि आपल्या घराच्या दारात गेली. ब्रिखिदा आत झालरी लावत बसली होती. ओतिलियाने आईला काय विचारलं ते फिलेमोनला ऐकू आलं नाही.  घरात दोन वर्षांत जे नाव उच्चारलं गेलं नव्हतं ते विचारायला मुलीला कुणी पाठवलं, हे ब्रिखिदाला कळल्यावाचून राहणार नव्हतं. ती दार लावून घेईल म्हणून तो उठून उभा राहिला.

दार उघडंच राहिलं. मग ब्रिखिदाचा आवाज आला, अडखळत, बसका. तिने कपाळापासून सुरुवात केली. तिथे उभी आठी होती, एकच, डाव्या भुवईच्या वर. त्या डोळ्याची पापणी जरा जड होती, झोपेतसुद्धा तो डोळा पुरता मिटत नसे. फिलेमोन एक हात कठड्यावर ठेवून ऐकत होता. ती ज्या माणसाबद्दल सांगत होती, त्याच्याशी त्याची कधी भेट झाली नव्हती.

सात वाजता नाचघरात पोचायचं होतं. त्याने टोपी घातली आणि आवाज न करता पायऱ्या उतरला.